राखणदाराची खुर्ची

माझे थोरले दीर सोनबा पोलादपूरच्या गाण्याच्या हॉलवर किल्ल्या-तिकिटं सांभाळायला होते. हॉल म्हणजे आधीचं भाताचं गोदाम, वर पत्रे. पावसाळ्यात तिथं गाणं ऐकायचं नसे, बघायचं असे. बुवांचं तोंड उघडलेलं दिसलं की माना डोलवायच्या.

स्टेज बांधलं तेव्हा गाव राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा दगड त्याच्याखाली गेला. देव उठवायचा कुणी? भावजी म्हणाले, "डोक्यावर तबला वाजतोय आणि गाणारा दिसत नाय. कोपंल नायतर काय?" म्हणून पहिल्या रांगेतली मधली खुर्ची राखणदाराची. तिच्यावर नारळ. लोक उभ्यानं गाणं ऐकत, पण तिथं बसायची कुणाची छाती नव्हती.

बासष्ट साली महाडचे गंगाधरपंत हॉलचे अध्यक्ष झाले. गाण्याचे शौकीन, पण तापट. "सोनबा, पुढच्या गाण्याला ही खुर्ची रिकामी दिसली तर किल्ल्या ठेवून चालू लाग."

भावजी राहायचे स्टेजमागच्या खोलीत. किल्ल्या गेल्या की घरही गेलं.

गाण्याच्या दिवशी हॉल भरला. भावजी एकेकाला विनवत फिरले.

"चांगू, फुकट बस रे."

"मी? घरात पोरंबाळं हायत माझ्या, सोनबादादा!"

शेवटी पंतच चिडून, नारळ मांडीवर घेऊन बसले. भावजींचे हात आपसूक जुळले.

"बा राखणदारा, आज तू पंतांच्या रूपानं बसलायस. सांभाळून घे."

"होय महाराजा!" सगळा हॉल गरजला. गाणारी बाई तंबोरा टाकून उभी राहिली.

एवढ्यात राहीबाई पुढं सरसावली. "देवा, म्हस हरवलीय माझी."

"मी म्हशी राखतो का? बघ जा नदीवर!"

म्हैस नदीवरच सापडली. म्हशी आणि कुठं जातात म्हणा! पण गावाला पुरावा मिळाला.

पुढच्या गाण्याला पंतांपुढं नारळांची रास. कुणाचं लग्न जुळत नाय, कुणाची सून रुसलीय. गाण्याचा एक सूर त्यांच्या कानी पडू देतील तर शपथ. आवडी नावाच्या एका बाईनं तर नवसाचा कोंबडाच मांडीवर ठेवला. पंत पडले सोवळ्यातले!

"सोनबा, खुर्ची रिकामी ठेव बाबा. किल्ल्या राहू देत तुझ्याकडेच."

तेव्हापासून पंत शेवटच्या रांगेत, खांबाआड बसत. राखणदाराचं तिकीट मात्र तेच काढत. भावजी ते रीतसर अर्धं फाडून नारळाखाली ठेवत. म्हणत, "फुकटा हाय असं कुणी म्हणायला नको."