लाथेनं फाटणारं दार

"आधी पळायचं कुठून ते सांगा, मग बसायचं कुठं ते बघू." कुणी बांधकामाचा नकाशा पुढं धरला की सास्तूरचे आमचे सुतारमामा तो पालथा घालायचे आणि हे बोलायचे. तुमच्याही गावात असा एखादा असेल, नकाशापेक्षा जमिनीवर मारलेल्या चुन्याच्या फक्कीच्या रेघेवर विश्वास ठेवणारा.

मुरूम गावाजवळ एका व्यापाऱ्यानं जपानी हॉटेल काढायचं ठरवलं. मी भडकलो. लगेच पत्रक छापलं: 'ज्या गावच्या स्टँडवर बायकांना मुतारी नाही, त्या गावाला जपानी भात कशाला?' गठ्ठा घेऊन थेट जागेवर गेलो. मामा फक्कीनं रेघा ओढत होते. इथं भटारखाना, इथं चपला, इथं बुटकी टेबलं.

"आलास का नेते? बस. गिऱ्हाईक कमी पडायलंय."

"मामा, मी विरोध करायला आलोय."

"कर की. मांडी घालून कर."

बसलो. शेजारी गिऱ्हाईक म्हणून चार गवंडी बसवले होते. मामा एकदम ओरडले, "पळा!" आम्ही उठलो ते एकमेकांवर आदळलो. मामांनी पायानं एक रेघ पुसली. "वाट रुंद पायजे. दोन टेबलं कमी."

तिथंच उभे असलेले हॉटेलमालक कळवळले, पण खरी झुंज दारांवरून झाली. आतल्या खोल्यांना जपानी पद्धतीची सरकती दारं करायची होती, कामट्यांची, त्यावर पांढरा कागद. फोटो बघून मामा खूष. "लई शहाणी माणसं. तिकडं बी जमीन हलती ना!" मालकांना मात्र कागदामागं प्लाय हवा होता.

"पोरं बोटं घालतील, मामा."

"घालू द्या. प्लाय ठोकायचा तर दुसरा सुतार बघा." मामांनी पटाशी पिशवीत टाकली.

मीच चिडलो. "कागदापायी काम सोडता?"

मामा पिशवी खांद्याला लावून उभे राहिले. "त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं दार अडलं. चौकट वाकडी झालती. आई आत. हाका यायल्या. आमी चौघं, तरी हलंना. सागवानी दार, नेते. म्याच केलं व्हतं. लई मजबूत." मग मालकांकडं बघून म्हणाले, "सरकतं दार बी अडतंय. तवा लाथ घातली की फाटलं पायजे."

मी पत्रकांचा गठ्ठा खाली ठेवला.

मामांनीही पिशवी खाली ठेवली. नमुन्याचं दार उभं केलं, मालकांना आत बसवलं, बाहेरून खिळा मारला. "मालक, पळा!" मालकांनी दार ओढलं, ढकललं, शेवटी "आई गं!" म्हणून लाथ घातली. आधी पाय बाहेर आला, मग पोट, मग गळ्यात कामट्यांचा हार घालून मालक. गवंडी खाली बसून हसले. मालकही हसले. प्लायचं नाव पुन्हा निघालं नाही.

दार दुरुस्त करायला कागद कमी पडला. मामांनी माझ्या गठ्ठ्याकडं हात केला. "एका अंगानं कोराय. कामाचा कागद हाय."

मामा गेल्या उन्हाळ्यात गेले. स्टँडवर मुतारी अजून नाही, माझी पत्रकं चालूच आहेत. हॉटेलात पोरं दारांना बोटं घालतात आणि मालक स्वतः खळ लावून कागद डकवत बसतात. कोपऱ्यातलं ते माझी पत्रकं डकवलेलं दार त्यांनी तसंच ठेवलंय. आत दिवा लागला की माझी अक्षरं बाहेरून उलटी दिसतात. मी तिथंच जेवायला बसतो. बसण्याआधी मात्र पळायची वाट हेरून ठेवतो.