मालकाचं काम

आखातातल्या आमच्या मराठी मंडळाच्या एकांकिकेत मला हमालाचं काम हवं होतं आणि मिळालं मालकाचं. ते मला अजून सलतं.

एकांकिका मंडळातल्या बाईंनी लिहिलेली, बसवतही त्याच होत्या. बाई मूळच्या पुण्याच्या, इथे कुरुमला नोकरी, वाचन दांडगं. पहिल्या बैठकीत त्यांनी आम्हाला आयर्लंड समजावून सांगितलं. तिथल्या नव्या रंगभूमीवर आधी जुने वीर आणि खेड्यातली माणसं असायची. मग समाजवादी विचार आला आणि रंगमंचावर डब्लिनच्या कोंदट खोल्या आल्या, गोदीतले हमाल आले. संघटना सोडेनात म्हणून मालकांनी हजारो कामगारांना फाटकाबाहेर ठेवलं. त्याच संघटनेच्या सभागृहात कामगार स्वतः नाटकं करायचे. आमची एकांकिका त्याच टाळेबंदीची.

ऐकताना मला वाटलं, हे काम माझंच. मी इथल्या मुत्राह बंदरावर दोन वर्षं सिमेंटची पोती वाहिली आहेत. आज बौशरला बांधकाम सामानाचं दुकान आहे, पण खांद्यावरचा घट्टा गेलेला नाही. मी सौदा मांडला. सेटचं लाकूड माझं, हमालाचं काम माझं.

"आधी वाचून दाखवा," बाई म्हणाल्या.

मालकाचा राग मी वाचला, तेव्हा बाईंनी वहीत खूण केली. मग हमालाचा उतारा घेतला. मालक म्हणतो, संघटना सोड, फाटक उघडतो. हमाल नाही म्हणतो, तीनदा.

"तुमचं तिसरं 'नाही' मऊ पडतंय," बाई म्हणाल्या. "अजून थोडं वाढवा, मग बघू, असं ऐकू येतं."

मी भडकलो. "पोतं कसं उचलतात ते माहीत आहे का इथे कुणाला? इस्त्रीचे शर्ट घालून हमाल होणार तुम्ही?"

"उचलणं येतं हो तुम्हाला. अडून बसणं येत नाही."

घरी येऊन मी तो उतारा दहा वेळा वाचला. बाईंचं खरं होतं. मी जन्मभर भाव केला, तोही एकट्यापुरता. शेवटी कुठेतरी खाली यायचंच, हे आवाजातच बसलं आहे.

पण हरून गप्प बसणारा मी नव्हे. दुसऱ्या बैठकीत म्हणालो, "मालक करतो. हमाल मात्र माझ्या दुकानातला. तिथे कामगारच नाटक करायचे, हे तुमचंच वाक्य."

"तो मंडळाचा सभासद नाही," कुणीतरी म्हणालं. बाई हसल्या आणि हो म्हणाल्या.

तो माझ्याकडे बारा वर्षं माल चढवतो. रायगडचा, माझ्याच वयाचा. शुक्रवारी सकाळी पहिली तालीम झाली. मी ओरडलो आणि तो एक पाऊल मागे सरला.

"मागे नाही सरायचं," बाई म्हणाल्या. पुन्हा केलं, तो पुन्हा सरला. त्याला कळतही नव्हतं.

शेवटी मीच म्हणालो, "अरे, हलू नकोस. मी कितीही ओरडलो तरी."

"इथंच ना, अर्बाब? का दुकानात पण?" त्याने विचारलं. इकडे मालकाला अर्बाब म्हणतात.

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "आधी इथं जमव."

मी ओरडलो. त्याने तीनदा नाही म्हटलं. तिसरं पहिल्याइतकंच कडक होतं, आणि पाय जागचे हलले नव्हते. मी त्याच्याकडे बघत राहिलो. माझं पुढचं वाक्य बाईंना सांगावं लागलं.