तुटक रेष

रेषा वाचण्याचा मी सरकारकडून तीस वर्षं पगार घेतला. घरच्यांसाठी मात्र त्या एकदाच वाचल्या, जयपुरात, आणि त्या एका वाचनाने आईचा जीव जायची वेळ आणली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो. तिथल्या मानसरोवर वसाहतीत दोन खोल्यांत आई, मी आणि धाकटा भाऊ दिनू राहायचो. दिनू फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकत होता. त्याला आईची हरकत नव्हती. (उलट साताऱ्याच्या बहिणींना ती दर पत्रात हे कळवायची.) पण क्लबात हवेतल्या कसरतीही शिकवतात असं तिच्या कानावर आलं, आणि तिने दिनूला बजावलं, "विमान सुलट चालव. उलटं करायचं असेल तर आधी मला विचार. मी नाही म्हटलं की विषय संपला." दिनूने कबूल केलं. तो शब्दाचा पक्का, त्यामुळे तिच्या एका 'हो'वाचून त्याचं सगळं अडलं होतं.

एका सकाळी त्याने तिच्या हातात एक कागद दिला. "आई, रविवारी क्लबात घरच्यांना बोलावलंय. मी हे करणार आहे. बघून ठेव आणि संध्याकाळी हो की नाही ते सांग." एवढं बोलून तो सटकला. तोंडाने सांगायचं धैर्य त्याला झालं नसावं. कागदावर एकही अक्षर नव्हतं. नुसत्या रेषा, वेटोळी, बाण आणि ठिपके.

आईने कागद माझ्यापुढे धरला. "तू दिवसभर हेच करतोस ना? यात उलटं कुठे आहे ते सांग."

दुसरा कुणी असता तर मला कळत नाही म्हणून मोकळा झाला असता. मी चष्मा पुसला.

"हा काळा ठिपका म्हणजे सुरुवात." (हे बरोबर निघालं. तेवढं एकच.) "हा बाण म्हणजे उतार."

"कसला उतार?"

"पावसाच्या पाण्याचा."

"आकाशात?"

"धावपट्टीचा असेल."

"आणि ही लांब रेष तुटक का?"

इथे मला शंकाच नव्हती. आमच्या नकाशात तुटक रेष म्हणजे प्रस्तावित काम. पुढेमागे होणारा रस्ता, मंजुरी न आलेली खोली. आणि प्रस्तावित काम आपल्या हयातीत होत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव.

"हे करायचंच नाहीये," मी म्हणालो. "फक्त दाखवलंय."

संध्याकाळी दिनू चोरासारखा घरात आला. आई म्हणाली, "दादाने सगळं वाचून दाखवलं. कर." त्याचे डोळे भरून आले. तो तिच्या पाया पडला, मग माझ्याही. मलाही गहिवरून आलं आणि मी तोंडभर आशीर्वाद दिला.

रविवारी मी कागद मांडीवर घेऊन आईशेजारी बसलो. बाजूला क्लबाचे म्हातारे मेकॅनिक उभे होते. दिनूचं विमान चढलं आणि कागदावर बाण होता नेमक्या त्या जागी स्वतःभोवतीच गरकन फिरलं. आईने माझ्याकडे पाहिलं.

"उतार," मी म्हणालो.

मेकॅनिक म्हणाले, "माताजी, अब देखिए, उल्टा जाएगा."

"नहीं जी, वो तो प्रस्तावित है," मी त्यांना समजावलं.

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. विमान उलटं झालं आणि तुटक रेष संपेपर्यंत तसंच गेलं. माझा भाऊ वर खाली डोकं करून लटकत होता आणि त्याला तिथे मी पाठवलं होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. आईने माझं मनगट आवळलं होतं, पण डोळे मिटले नव्हते.

उतरल्यावर दिनू धावतच आला. "आई, उलटं आहे हे माहीत असून तू हो म्हणालीस. दुसरी कुठलीच आई म्हणाली नसती."

आता ती सांगणार म्हणून मी मान खाली घातली. तिने पदराने त्याचा घाम पुसला.

"माहीत होतं," ती म्हणाली. "दादाने दाखवलं होतं ना. पुढच्या वेळी पट्टा घट्ट बांध."

दिनू पुढेही उडत राहिला. त्या कागदाबद्दल आई मला एका शब्दानेही कधी बोलली नाही. फक्त महिन्याभराने मी तापाने पडलो आणि डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, तेव्हा तिने चिठ्ठी माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "दिनू आला की वाचेल."