कापसाचा सवाल

माझी थोरली बहीण आणि मी एकाच वर्गात होतो. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण धाकट्या भावंडांना सांभाळण्यात तिची दोन वर्षं गेली आणि मग आम्हा दोघांना एकदमच असोद्याच्या शाळेत घातलं. मी तिला अक्का म्हणायचो. सातवीला फायनलची परीक्षा असे. ती पास झालेल्याला मास्तरकी मिळायची, बायकांनाही. वडिलांनी, म्हणजे नानांनी, वर्षाच्या सुरुवातीलाच अक्काला सांगून ठेवलं होतं, "पास झाली तं मास्तरीण व्हय. नही झाली तं दिवाळीनंतर लगन."

अक्काला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काहीच नको होतं तिला.

आमचे मास्तर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आठ ओळींत लिहून द्यायचे. मी ते घोकायचो. कंटाळा यायचा, पण मला घोकता यायचं. अक्काला यायचं नाही. ओळ वाचली की तिला पुढचं काहीतरी विचारावंसं वाटे, आणि मास्तर म्हणत, विचारलं तेवढंच लिहायचं, बाकीची उठाठेव नको. त्यांनी आणखी एक शिकवून ठेवलं होतं. पेपर हातात आला की पहिल्या सवालापासून सुटायचं, पुढचं वाचत बसायचं नाही, वाचलं की हातपाय गळतात. आम्ही सगळे तसंच करायचो.

त्या हंगामात कापसाची गाडी भरताना अक्का नेहमीसारखी गाडीत उभी राहून कापूस तुडवत होती. गाडी जळगावच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, निघाली तेव्हा ती खाली उतरलीच नाही, त्याच कापसावर बसून गेली. नाना मापाच्या रांगेत अडकले आणि ही आत शिरली. सांज होईपर्यंत ती यंत्राला कापूस लावणाऱ्या बायांजवळ उभी होती. रुई पुढे येते आणि सरकी खालीच का पडते, रुळाला चामडं कशाला लावतात, ते किती दिवसांनी बदलतात, एवढी धूळ छातीत जाऊन काय होतं, सगळं विचारून आली. एका बाईच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. ती कशी गेली तेही विचारलं, आणि त्या बाईनं सांगितलं. नानांनी घरी आल्यावर तिला बोल लावले. तिचं लक्षच नव्हतं, ती मला चामड्याच्या रुळाचं सांगत होती.

परीक्षेला आम्ही जळगावला गेलो. पेपरातला पहिलाच सवाल होता, कापसापासून सूत होईपर्यंतची माहिती थोडक्यात लिहा. मी माझ्या आठ ओळी उतरवल्या आणि पुढे गेलो. अक्का माझ्या मागे दोन बाकं सोडून बसली होती. थोड्या वेळानं तिनं जास्तीचा कागद मागितला. मग आणखी एक. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा मी मान वळवून पाहिलं. ती भरभर लिहीत होती आणि चेहरा असा उजळलेला, की मला हेवा वाटला. ही आता पहिली येणार, असंच वाटलं. मग लक्षात आलं, ही अजून कापसातच आहे. माझं संपलं होतं, अर्धा तास हातात होता. एकदा खाकरलो असतो तरी तिनं वर पाहिलं असतं. मी खाकरलो नाही. भीती वाटली म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही.

घंटा झाली तेव्हा तिचा पहिलाच सवाल चालू होता.

घरी आल्यावर तिनं प्रश्नपत्रिका न वाचता चुलीत घातली. निकाल लागला, मी पास झालो. दिवाळीनंतर तिला बोदवडला दिलं. मांडवात ती रडली नाही, कुणाला काही विचारलंही नाही. मला त्याचीच धास्ती वाटली.

मी धुळ्याकडच्या एका खेड्यात मास्तर झालो. मुलांना आठ ओळींत उत्तरं लिहून देऊ लागलो. माझा निकाल चांगला लागायचा.

तिसऱ्या बाळंतपणानंतर अक्का अंथरुणाला खिळली, असं कळलं म्हणून मी बोदवडला गेलो. हाताच्या काड्या झाल्या होत्या. मुलं बाहेर खेळत होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली,

"त्या पेपरात बाकीचे सवाल काय व्हते रे भाऊ? मी तं वाचलेच नही."

मी आठवू लागलो. भूगोलाचा एक असावा, नदीचा की डोंगराचा. पुढचं काहीच येईना. जे घोकून मी मास्तर झालो त्यातली एक ओळही डोक्यात उरली नव्हती. मला नही आठवत, असं सांगितलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. जिनातल्या त्या बाईकडे पाहिलं असेल तसं, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"मंग तू पास कसा झाला?"

गाडीची वेळ झाली तसा मी उठलो. अक्का आषाढात गेली.