बापाचं नाक, बापाचं पोट

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा माझे यजमान तिथे नोकरीला होते. आमच्या दारावर एक कोळीण सुके बोंबील घेऊन यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. टोपली उतरवली की पदराने मान पुसायची आणि पायरीवर ऐसपैस बसायची.

तिचा नवरा ऐन तरुणपणात गेला होता. शौचावाटे रक्त जायचं, आतड्यात गाठ झाली होती. सासरा आणि नणंद तशीच गेली. गाव म्हणायचं, कुणीतरी करणी केली. ती म्हणायची, "करनी नाय बाय, रगतातच हाय. पोरीला बापाचं नाक आलं, तसं पोट बी आलं आसंल तं?"

पोरीचं लग्न ठरलं, तेव्हा तिने व्याह्यांना आपणहून सगळं सांगितलं. पुढे कळलं तर पोरीला टाकतील, ही तिला भीती. त्यांनी लग्नच मोडलं. पोरीने आईशी बोलणं सोडलं.

मी म्हटलं, "मावशी, पालघरच्या डॉक्टरांना तरी विचारा."

"इचारलं. ते बोलले, दुखनं दिसल्याबिगर आमाला काय कलनार?"

आता रक्त तपासून असं दुखणं दिसण्याआधीही कळतं, वेळेत उपायही होतो. तेव्हा तिच्या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

ती उठता उठता म्हणाली, "पोरीला काय झालं नाय, तं मी उगाच तिचं लगीन मोडलं. आन झालं, तं तिच्या उशाशी मीच बसनार. ती तं माझ्याशी बोलत बी नाय."