साडूभाऊंची ओरिजनल चेन

आमच्या साडूभाऊंच्या लेखी या जगात दोनच जाती: ओरिजनल आणि लोकल. त्यात नटबोल्ट आले, पुढारी आले, डॉक्टर आले आणि देवसुद्धा सुटले नाहीत. गावच्या मारुतीचा जुना शेंदूर खरवडला तेव्हा आतली मूर्ती चारी बाजूंनी न्याहाळून हा माणूस सगळ्या गावासमोर म्हणाला होता, "व्हय, ओरिजनल हाय." लोकांनी हात जोडले ते त्यानंतर. माझा नंबर पहिल्या दिवसापासून लोकलमध्ये लागला होता. आमच्या सासऱ्यांनी दोन्ही मुली आमच्याच गावात, कुरुंद्यात दिल्या, थोरली त्यांना आणि धाकटी मला, त्यामुळे ही तुलना मला जन्मभर पुरली. माझी बायको तर भाजीत मीठ जास्त झालं तरी म्हणायची, "अक्काचं नशीब ओरिजनल निघालं."

नव्वदच्या सुमारास साडूभाऊंनी स्कूटर घेतली. तिची क्लचची केबल तुटली, आणि कंपनीची केबल मिळेना म्हणून ती सात महिने ओसरीत उभी राहिली. ते रोज तिला पुसायचे आणि पायी शेतात जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बिघडली न्हाई. वाट बघून राहिली." दुकानात गेले की वायसरचा वास घ्यायचे, बेअरिंग कानाशी धरून फिरवायचे. दुकानदारानं चहा मागवला की तिथून उठायचे, कारण चहा पाजणारा माणूस हमखास लोकल माल देतो, हा त्यांचा अनुभव. नव्या पार्टचा रिकामा डबा ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवायचे. पार्ट झिजला की तोच डबा दुकानात नेऊन त्यावरचा नंबर दाखवायचा. त्यातून लिहिण्याची हौस दांडगी. घरातल्या पंख्याच्या पात्यावर बेअरिंग कधी बदललं ते लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला पंखा बंद करावा लागायचा. आणखी एक नेम होता. मशीनचा पार्ट उसना द्यायचा नाही आणि कुणाकडं उसना मागायचाही नाही. सख्ख्या भावाला त्यांनी प्लग दिला नव्हता. भाऊ दोन वर्षं बोलत नव्हता, पण नेम टिकला.

माझं तत्त्वज्ञान याच्या उलट आणि फार सोपं होतं: चालून राहिलंय ना, मग झालं. माझ्या फवारणीच्या पंपाला सगळे पार्ट लोकल होते. निम्मं औषध कपाशीवर पडायचं, निम्मं माझ्या पाठीवर. कपाशीचं काय झालं ते सोडा, पण माझ्या पाठीवर त्या काळात एकही कीड पडली नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी रस्ता रुंद करायला आलेल्या एका ठेकेदाराकडून साडूभाऊंनी पेट्रोलवर चालणारी, दात्यांची चेन फिरवणारी करवत घेतली. आमच्याकडं हळदीचा हंगाम म्हणजे लाकडांचा हंगाम. शेतातून काढलेली हळद कढईत शिजवायची, तर खाली जाळ पाहिजे. त्यामुळं करवतीला फार मान आला. एका साली माझी हळद काढून शेतात ढीग लागला होता. शिजवणारी टोळी परवा माझ्याकडं येणार होती, आणि माझं उरकून लगेच पंधरा दिवस दुसऱ्या गावी जाणार होती. जळणासाठी वाळलेल्या बाभळीचे दोन बुंधे पडलेले. जळण नाही तर टोळी जाणार, आणि टोळी गेली तर ढिगात हळद सडणार, म्हणजे वर्ष हातचं गेलं.

साडूभाऊ करवत घेऊन आले. "बुंध्यात खिळा-बिळा न्हाई ना?" त्यांनी विचारलं. "छे हो!" मी म्हणालो. करवत लावली आणि खाडकन चेन तुटली. खिळा होता. कंदील टांगायला मीच ठोकला होता. झटका बसून साडूभाऊंच्या पाठीत उसण भरली. त्यांना जागचं हलता येईना, म्हणून बैलगाडीत घालून घरी नेलं. मग नाइलाजानं त्यांनी अक्कांकडून पेटीतला चेनचा डबा मागवून माझ्या पिशवीत घातला आणि म्हणाले, "नांदेडला जा. ह्यो नंबर दाखवा. ओरिजनलच आना, साडूभाऊ. तुटली तर तोंडावर येती."

नांदेडच्या दुकानदारानं आधी चहा मागवला. मी प्यालो. मग तो म्हणाला, "ओरिजनल आठ दिन बाद आयेगा. ये ले जाव, सेम टू सेम." माझ्या डोळ्यांपुढं हळदीचा ढीग होता. मी ती लोकल चेन घेतली. एसटी स्टँडवर बसलो असताना पिशवीतला साडूभाऊंचा डबा हाताला लागला आणि माझ्या डोक्यात, अनेक वर्षांत पहिल्यांदाच, काहीतरी चमकलं. चेन त्या डब्यात घातली, तिचा स्वतःचा डबा फेकून दिला. आपण इतके हुशार आहोत हे आपल्याला आधी कुणी का सांगितलं नाही, असं मला वाटत राहिलं.

साडूभाऊंनी अंथरुणावर पडल्यापडल्या झाकण उघडलं. बराच वेळ ते झाकणाकडंच बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. "बेस झालं," ते म्हणाले. "आज शनवार हाय, लोखंड बसवायचं न्हाई. उद्या दुपारी येतो."

दुसऱ्या दिवशी कमरेला उपरणं आवळून ते आले, मला लांब उभं केलं आणि दोन्ही बुंध्यांचे तुकडे पाडून दिले. हळद वेळेत शिजली. "बगा," घाम पुसत ते म्हणाले, "ओरिजनल ते ओरिजनल." मी तोंड फिरवून हसलो.

पुढची कैक वर्षं हा किस्सा मी लग्नाच्या प्रत्येक पंगतीत सांगितला. एकदा साडूभाऊच मागं मठ्ठा वाढत होते. त्यांनी माझा ग्लास भरला आणि हसत पुढं गेले. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्या चेनच्या जोरावर मी विहिरीच्या मोटारीलाही लोकल बेअरिंग बसवलं. मोटार दोनदा जळाली, पण माझी श्रद्धा जळाली नाही.

पुढं वयानं साडूभाऊंचे हात थरथरायला लागले. करवत विकून टाकली आणि मुलानं त्यांना हिंगोलीला नेलं, तिसऱ्या मजल्यावर, जिथं काही बिघडलं तर फोन करून माणूस बोलावतात. घर आवरायला अक्का आल्या, तेव्हा पेटी माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, "भाऊजी, ही तुमाला द्या म्हणले."

वरच तो चेनचा डबा होता. उघडला, तर आत तेलाच्या कागदात गुंडाळलेली माझी लोकल चेन. एकदाही न वापरलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला साडूभाऊंचं बारीक अक्षर. वरची ओळ जुनी: "पोळ्याच्या आदल्या दिवशी बसवली." म्हणजे मी डबा आणला तेव्हाही ती तिथं होती, आणि ते तीच वाचत होते. खाली दुसऱ्या शाईनं: "साडूभाऊंनी नांदेडहून आणली. लोकल. वापरू नये. कुणाला बोलू नये."

"मग त्या दिवशी लाकडं कशानं कापली?" मी विचारलं.

"तुमाला ठावं न्हाई?" अक्का म्हणाल्या. "पाठ धरून पहिल्या यष्टीनं आखाडा बाळापूरला गेले की. तिथल्या एकाकडून चेन उसनी आनली. जल्मात पहिल्यांदा कुनाकडं मागायला गेले."

मला भयंकर लाज वाटली. ती चेन तुटून त्यांच्या तोंडावर बसली असती, हे त्यांनी सांगूनसुद्धा माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी तिथूनच फोन लावला. "साडूभाऊ, ती चेन... हळदीच्या वक्ताची..."

"तुमी आनलेली? लई चालली बगा ती," पलीकडून आवाज आला. "ओरिजनल ते ओरिजनल."

मी चेन परत कागदात गुंडाळली. तेच म्हणाले, "पंप गळून राहिला का अजून पाठीवर?"

"राहिलाय."

"वायसर बदला. पेटीत डबा हाय, नांदेडला घिऊन जा," ते म्हणाले, आणि जरा थांबून हसले. "पन या खेपंला झाकन उघडून बगा."