एका जाळावरचं पाणी

मूर्तिजापुरात आमची आळी कापसाच्या जिनिंगला लागून होती. हिवाळ्यात जिनिंगचा बॉयलर पेटला, की आळीतल्या चुली सकाळी थंडच असायच्या. रीतच होती तशी. प्रत्येक घरानं पऱ्हाट्यांची, कापसाच्या वाळलेल्या झाडांची, मोळी बॉयलरवर टाकायची. मालकाचा कोळसा वाचायचा, म्हणून तो इंजिनातून निघालेलं कढत पाणी नळीनं बाहेरच्या हौदात सोडू द्यायचा. अख्खी आळी त्यात न्हायची. घरोघरी धूर नाही, डोळे चोळणं नाही.

आईला संधिवात होता. सकाळी उठली, की तिच्या मुठी आवळलेल्या असायच्या. हौदाच्या पाण्यात हात बुडवून ती बसायची, मग एकेक बोट सुटायचं आणि ती जिनिंगमध्ये कापसातली कवडी, डागी बोंडं, निवडायला जायची. बोटं सुटली नाहीत तर काम नाही.

मग विजेची मोटर आली आणि बॉयलर थंडावला. आई घरोघर फिरली. "आपुनच हौदापाशी एक भट्टी लावू ना वं. सगळ्यायनं मोळी देल्ली त सगळ्यायले पानी होते. गाव करी ते राव काय करी!"

"ज्याची चूल त्याच्यापाशी बरी, बाई," शेजारीण म्हणाली. "तुह्या बोटायसाठी आमी काहून मोळ्या द्याव्या?"

तिच्या दोन्ही लेकींची बाळंतपणं त्याच हौदाच्या पाण्यावर झाली होती. गरज सरो, वैद्य मरो. मला त्या बोलण्याचा राग आजही येतो.

आई हट्टी. रोज आपली मोळी हौदाशी नेऊन ठेवायची. एक दिसली की दुसरं घर आणेल, असा तिचा भाबडा समज. संध्याकाळपर्यंत ती मोळी कुणीतरी उचलून न्यायचं. आळीत घरोघर धूर कोंडला, पाणी मात्र कुणालाच पुरेना. मी चुलीवर गंजभर पाणी तापवायची, पण तेवढ्यानं काय होणार? आईचं काम सुटलं. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं ती गेली.

मयताच्या आंघोळीला सरपण आळीनं द्यायचं, ही रीत तेवढी उरली होती. शेजारणीची मोळी सगळ्यांत आधी आली. अंगणात एकच जाळ पेटला, त्यावर मोठा हंडा चढला. पाणी भराभर तापलं. मी घंगाळात पाणी काढलं आणि आईचे हात त्यात धरून बसले.

"सोड आता, पोरी," बायका म्हणाल्या.

बोटं सुटत नव्हती.